जुन्या जिप्सीची ऑइल गळती: गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

जुन्या जिप्सीखाली तेलाचा डाग दिसला की गॅरेजमधलं निदान बहुतेक वेळा ठरलेलं असतं. ‘मागचं क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ मग उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही टाकून घ्या. एवढा खर्च होऊन गाडी घरी येते आणि थोड्याच दिवसांत डाग पुन्हा त्याच जागी. मागचं सील, म्हणजे क्रँकशाफ्ट इंजिनाच्या मागून बाहेर येतो तिथली तेल अडवणारी कडी, कधीकधी खरंच गेलेलं असतं, नाही असं नाही. पण १३०० सीसीच्या कार्बोरेटरवाल्या जिप्सीत त्याच्यावर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं आहे. पुढून फॅनचा आणि चालताना वाऱ्याचा झोत लागतो, त्यामुळे वर कुठेही पाझरलेलं तेल मागे सरकतं, ब्लॉकच्या पाठीवरून उतरतं आणि बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं क्लचचं आवरण) खालच्या टोकावरून ठिबकतं. खाली झोपून थेंब बघणाऱ्याला अर्थातच मागचं सील दिसतं. गळती शोधायची ती वरून. सगळ्यात उंचावरची ओली जागा कोणती, एवढाच प्रश्न.

त्यासाठी इंजिन आधी स्वच्छ हवं. ताडोब्यासारख्या धुळीच्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीत तेलावर मातीचा असा थर बसतो की नवं काय आणि जुनं काय, कळत नाही. पण म्हणून सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप इंजिनावर मारून घेऊ नका. डिस्ट्रिब्यूटरच्या (स्पार्क प्लगना करंट वाटणारा भाग) कॅपमध्ये पाणी शिरलं की गाडी तिथेच बसते. डिस्ट्रिब्यूटर, कार्बोरेटर आणि अल्टरनेटरला प्लास्टिकच्या पिशव्या बांधा, थंड इंजिनावर डिग्रीझर आणि ब्रश चालवा, हलक्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. मग संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरवा, इंजिन गरम होईपर्यंत चालवा आणि टॉर्च व छोटा आरसा घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची ओली रेघ लगेच उठून दिसते.

बहुतेक वेळा ती दोनपैकी एका जागी सापडते. पहिली जागा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या हेडवरच्या झाकणाचं, पॅकिंग. उष्णतेने रबर कडक होतं आणि मागच्या कोपऱ्यातून तेल पाझरतं. एक्झॉस्टच्या बाजूला पाझरलं तर सिग्नलला उभं राहिल्यावर जळक्या तेलाचा वास येतो. इथली ठरलेली चूक म्हणजे जुन्याच पॅकिंगवर बोल्ट आवळत राहणं. पत्र्याचं कव्हर वाकतं, हेड ॲल्युमिनियमचं असल्यामुळे आटे जातात, आणि शेकड्यातलं काम हजारांत जातं. नवं पॅकिंग घ्या, बोल्टखालचे रबरी वॉशरही बदला, आणि बोल्ट छोट्या पान्याने, हाताच्या बेताने बसवा.

दुसरी जागा डिस्ट्रिब्यूटर, आणि माझ्या मते जिप्सीचा खरा चोर हाच. तो हेडच्या अगदी मागच्या टोकाला, कॅमशाफ्टवरून चालतो. त्याच्या बुडाशी एक छोटी रबरी ओ-रिंग असते आणि तो ज्या गिअर केसमध्ये बसतो, त्या केस आणि हेडच्या मध्ये पॅकिंग असतं. यातलं काहीही कडक झालं की तेल थेट बेल हाउसिंगच्या माथ्यावर पडतं. म्हणजे खालून बघितलं तर हुबेहूब मागचं सील. एक खूण लक्षात ठेवा. घाट किंवा खडा चढ चढून आल्यावर डाग मोठा दिसतो, कारण चढावर हेडमधलं तेल मागच्या बाजूला साचतं. ओ-रिंग स्वस्तातली असते, फक्त काढताना घाई नको. रोटर (कॅपखालचा फिरणारा तुकडा) कुठे तोंड करून आहे आणि बॉडी हेडच्या कोणत्या जागी आहे, दोन्ही ठिकाणी खूण करा. गिअर तिरक्या दात्यांचा असल्याने ओढून काढताना रोटर फिरतो. खूण नसेल तर ठिणगीचं टायमिंग पुन्हा जुळवत बसावं लागतं.

बेल हाउसिंगमधूनच ठिबकत असेल तर थेंब बोटांवर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. तसा आला तर गळती इंजिनाची नाही, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलची आहे.

सील बदलूनही महिन्याभरात पुन्हा गळायला लागलं तर दोष सीलला देण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटात साचणारे वायू बाहेर काढणारी झडप) तपासा. तो चोंदला की क्रँककेसमधला दाब बाहेर जायला वाट राहत नाही आणि मिळेल त्या सीलमधून तेल बाहेर ढकललं जातं. काढून हलवल्यावर आत खुळखुळलं पाहिजे. व्हॉल्व्ह आणि नळी मोकळी असूनही, इंजिन चालू असताना तेल भरायच्या झाकणातून धुराचे भपकारे येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तिथे नवीन सील किती दिवस टिकणार?

आता गॅस्केट मेकरबद्दल, म्हणजे पॅकिंगच्या जागी लावायच्या सिलिकॉनच्या पेस्टबद्दल. चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) काढला की त्याच्या कडेला बोटभर जाड सिलिकॉन फासायची आपल्याकडे हौस आहे. बाहेर आलेलं दिसतं, आत तेवढंच गेलेलं दिसत नाही. ते तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसले की गळती थांबते आणि ऑइल प्रेशरही जातं. दोन्ही कडा खरवडून कोऱ्या करा आणि पातळ, सलग रेघ ओढा. पुरते. गळती थांबवणारी बाटली किंवा जाड ऑइल हा आजार लांबवण्याचा उपाय.

चेंबरच्या कडेला नुसता ओलसरपणा असेल, थेंब पडत नसेल, तर गाडी खोलू नका; डिपस्टिक बघत राहा. मात्र पुढच्या कॅम किंवा क्रँक सीलचं तेल टायमिंग बेल्टवर येत असेल तर थांबू नका, आणि सीलबरोबर बेल्टही नवा टाका. क्लच तेलाने भिजून घसरायला लागला तर मात्र गिअरबॉक्स उतरवणं भागच आहे. त्या वेळी क्रँकचं सील आणि इनपुट शाफ्टचं सील, दोन्ही एकदमच बदलून घ्या.