युद्धकाळातील अध्यक्षीय अधिकाराचे दावे कसे तपासावेत

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेच्या अध्यक्षांनी युद्धाच्या नावाखाली कोणते अधिकार आपल्याकडे घेतले आणि कैद्यांच्या चौकशीत त्यांचा वापर कसा झाला, हे समजून घेऊ पाहणारा वाचक बहुधा छळाच्या वर्णनांपाशीच थांबतो. अभ्यासाची सुरुवात मात्र कागदांपासून करावी. त्यांतील महत्त्वाचे कागद आता जाहीर झालेले आहेत, आणि ते योग्य क्रमाने वाचले तर अधिकारवाढ आणि छळ या दोन वेगळ्या तक्रारी नसून पहिलीवाचून दुसरी टिकलीच नसती, हे स्पष्ट होते.

सर्वप्रथम काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, अध्यक्षांना प्रत्यक्षात काय दिले होते ते पाहावे. १४ सप्टेंबर २००१ रोजी संमत झालेल्या लष्करी बळवापराच्या ठरावातील मुख्य वाक्य जेमतेम साठ शब्दांचे आहे. प्रतिनिधिगृहात त्याच्या विरोधात बार्बरा ली यांचे एकटीचे मत पडले. हल्ल्याचा कट रचणाऱ्यांवर, तो घडवून आणणाऱ्यांवर आणि त्यांना आश्रय देणाऱ्यांवर आवश्यक व योग्य बळ वापरण्याची ती परवानगी होती. चौकशीच्या पद्धतींविषयी त्यात अक्षरही नाही. पुढे २००४ मध्ये हमदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती ओ’कॉनर यांच्या निकालपत्राने रणांगणावर पकडलेल्यांना स्थानबद्ध करणे या परवानगीत बसते असे मानले, परंतु केवळ चौकशीसाठी बेमुदत डांबून ठेवणे बसत नाही, असेही त्याच निकालपत्रात म्हटले.

त्यानंतर मोजपट्टी हाती घ्यावी. कोरियन युद्धाच्या काळात, १९५२ मध्ये, अध्यक्ष ट्रूमन यांनी संपाच्या तोंडावर पोलाद गिरण्या ताब्यात घेतल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती कारवाई रद्द ठरवली. या यंग्सटाउन खटल्यातील न्यायमूर्ती जॅक्सन यांचे स्वतंत्र निकालपत्र आजही उपयोगी पडते. काँग्रेसची संमती असेल तेव्हा अध्यक्षांचा अधिकार सर्वाधिक, काँग्रेस मौन असेल तेव्हा संदिग्ध, आणि काँग्रेसने मनाई केली असेल तेव्हा सर्वांत क्षीण, अशा तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या. कोणताही दावा समोर आला की तो यांपैकी कोणत्या पायरीवर उभा आहे, हे आधी ठरवावे. छळाला अमेरिकी कायद्याने स्पष्ट मनाई होती आणि छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारालाही त्या देशाने १९९४ मध्ये मान्यता दिली होती; म्हणजे हा प्रश्न सरळ तिसऱ्या पायरीवरचा होता.

आता न्याय खात्याच्या ‘ऑफिस ऑफ लीगल कौन्सेल’ने, म्हणजे अध्यक्षांना व सरकारी खात्यांना कायदेविषयक सल्ला देणाऱ्या कार्यालयाने, १ ऑगस्ट २००२ रोजी दिलेले सल्लापत्र वाचावे. त्यावर कार्यालयाचे प्रमुख जे बायबी यांची सही आहे आणि मसुद्याचे मुख्य काम तेथीलच वकील जॉन यू यांचे होते. येथे घाई करू नये, कारण या कागदाचे तीन थर आहेत. पहिला थर व्याख्येचा. अवयव निकामी होणे, शारीरिक कार्य बिघडणे किंवा मृत्यू यांच्यासोबत येणाऱ्या वेदनेइतकी तीव्र वेदना झाली तरच शारीरिक छळ झाला, असे त्यात म्हटले आहे, आणि हे शब्द वैद्यकीय लाभांविषयीच्या कायद्यातील तातडीच्या आजाराच्या व्याख्येतून उचललेले आहेत. दुसरा थर असा की, ही आकुंचित व्याख्याही आड आली, तर सरसेनापती या नात्याने अध्यक्ष करवून घेत असलेल्या चौकशीला छळबंदीचा कायदा लावणे घटनाबाह्य ठरू शकेल. तिसऱ्या थरात खटला झालाच तर निकड आणि स्वसंरक्षण हे बचाव सुचवलेले आहेत. प्रत्येक थर वाचून झाल्यावर मूळ मनाईपैकी काय उरले, असे स्वतःला विचारत जावे. शेवटी हाती काहीच राहत नाही.

कागदात जे नाही तेही शोधावे. या सल्लापत्रात यंग्सटाउनचा उल्लेखच नाही. युद्धात ताब्यात घेतलेल्यांविषयी आणि सैन्याच्या कारभाराविषयी नियम करण्याचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेने काँग्रेसला दिलेला असताना त्याचाही विचार नाही. (भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५३ मध्ये संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे देतानाच त्याचा वापर कायद्याने विनियमित होईल, असे लिहून ठेवले आहे, तेथील वाद पाहिल्यावर या एका वाक्याची किंमत कळते.) त्याच तारखेच्या दुसऱ्या पत्राने सीआयएच्या ताब्यातील कैदी अबू झुबैदावर वापरायच्या दहा पद्धतींना, म्हणजे भिंतीवर आदळणे, झोपू न देणे, पेटीत कोंडणे, वॉटरबोर्डिंग (तोंडावर कापड टाकून पाणी ओतत गुदमरवणे) इत्यादींना, संमती दिली. आपल्याकडे ज्याला ‘थर्ड डिग्री’ म्हणतात, तिचे हे सही-शिक्क्याचे रूप. दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचावीत. एकटे पहिले पत्र वाचणाऱ्याला तो निव्वळ तात्त्विक ऊहापोह वाटतो.

एखादा दावा मागे घेतला गेला, अशी बातमी दिसली तरी तपास थांबवू नये. पहिले पत्र जून २००४ मध्ये मागे घेतले गेले, परंतु त्याच वर्षी ३० डिसेंबरला आलेल्या नव्या पत्राच्या एका तळटीपेत आधी मंजूर केलेल्या पद्धतींबाबतचे निष्कर्ष बदलत नाहीत, असे नमूद आहे. बरोबर एका वर्षाने, क्रूर वागणुकीला मनाई करणाऱ्या कायद्यावर सही करताना अध्यक्ष बुश यांनी निवेदन जोडले की, आपण त्याचा अर्थ सरसेनापतीच्या घटनात्मक अधिकाराशी सुसंगत असा लावू. तळटीपा आणि सहीसोबतची निवेदने वाचण्याचा कंटाळा करणाऱ्याने या विषयात पडू नये.

परिणामांसाठी सिनेटच्या गुप्तवार्ता समितीचा डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेला सारांश पाहावा. सीआयएच्या ताब्यात किमान ११९ जण होते, त्यांपैकी किमान ३९ जणांवर या पद्धती वापरल्या गेल्या आणि किमान २६ जणांना धरण्यास स्थानबद्धतेच्या ठरलेल्या निकषांचा आधार नव्हता, असे तो सांगतो. या पद्धतींतून उपयुक्त माहिती मिळाली का, यावर सीआयएने समितीशी मतभेद नोंदवले. तो वाद वेगळ्या वहीत ठेवावा. माहिती मिळाली असे सिद्ध झाले तरी अधिकार सिद्ध होत नाही.

आजची मर्यादा कशावर उभी आहे, हेही पाहावे. जानेवारी २००९ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी आदेशाद्वारे सर्व चौकशी लष्कराच्या नियमपुस्तिकेला बांधून टाकली, पण आदेश पुढचा अध्यक्ष फिरवू शकतो. २०१५ मध्ये काँग्रेसने तेच बंधन कायद्यात घातल्यामुळे आता ते एकट्या अध्यक्षाला काढता येत नाही. तरी पुस्तिकेचे ‘एम’ परिशिष्ट अवश्य वाचावे, कारण त्यानुसार एकाकी ठेवलेल्या कैद्याला चोवीस तासांत सलग चार तास झोप दिली की नियम पाळला गेला असे ठरते.