परसातल्या शेगडीसाठी गॅसची लाइन: डॅलसकडे नव्याने घर घेणाऱ्यांना

फ्रिस्को, प्लेनो, अ‍ॅलन या भागात घर घेतलं की दोन-तीन महिन्यांत मला फोन येतोच, "ताई, मागे पॅटिओवर गॅस घ्यायचाय, कुणाला सांगू?" कुणाला सांगायचं ते पुढे येईलच. त्याआधी बाहेर नक्की काय शिजवणार आहात ते ठरवा, कारण पाइपची जाडी त्यावरच ठरते, आणि पाइप एकदा जमिनीत गेला की बदलायचा म्हणजे पुन्हा सगळं खणणं आलं.

इथला कॉन्ट्रॅक्टर 'आउटडोअर किचन' म्हटलं की ग्रिल धरून चालतो. आपल्याला ग्रिल हवाच असतो असं नाही. आपल्याला बाहेर बोंबील तळायचे असतात, मिरचीचा ठेचा परतायचा असतो, वांगं थेट आचेवर भाजायचं असतं. घरातला हूड बऱ्याचदा हवा गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो, त्यामुळे फोडणीचा वास पडद्यांत आठवडाभर राहतो आणि स्मोक अलार्म वेगळाच ओरडतो. शिवाय गणपतीत चाळीस माणसांचा मसालेभात करायचा तर मोठं पातेलं बसेल असा जाड लोखंडी बर्नर लागतो. त्याला इथे पॉवर बर्नर म्हणतात आणि तो एकटाच तासाला 60,000 बीटीयू (इथलं उष्णतेचं माप) गॅस घेतो. चार बर्नरचा ग्रिल साधारण 40,000 ते 60,000 घेतो.

हा हिशेब आमच्याकडे कुणी केलाच नव्हता. पॅटिओ बांधणाऱ्या माणसाने "गॅसचंही मीच बघतो" म्हणून परमिट न काढता अर्ध्या इंचाचा पाइप टाकून दिला. मीटरपासून शेगडीपर्यंत अंतर साठ फूट. नुसता ग्रिल लावला तोवर ठीक चाललं. पहिल्या गणपतीला पॉवर बर्नरवर पातेलं चढवलं, शेजारी ग्रिलवर पनीर लावलं, आणि पातेल्याखालची आच बघता बघता बोटभर झाली. तांदूळ वर कच्चा, खाली गिच्च. आरतीला माणसं जमलेली आणि मी ते पातेलं दोघांच्या मदतीने उचलून आतल्या शेगडीवर नेत होते.

कारण साधं होतं. घरात गॅस फार कमी दाबाने येतो, पाव पीएसआयच्या (दर चौरस इंचावरच्या पौंडांत मोजलेला दाब) आसपास. एवढ्याशा दाबावर पाइप जितका लांब आणि बारीक, तितका गॅस कमी पोचतो. लोखंडी पाइपच्या तक्त्यात साठ फुटांना अर्ध्या इंचातून तासाला साधारण 65 घनफूट गॅस जातो, पाऊण इंचातून 137 आणि एक इंचातून 257. एक घनफूट म्हणजे ढोबळमानाने 1,000 बीटीयू. आम्हाला लागत होते 1,10,000 आणि पोचत होते 65,000. काही घरांत मीटरपासून 2 पीएसआयची लाइन असते, तिचा तक्ता निराळा, म्हणून प्लंबरला पहिला प्रश्न तोच विचारा.

मग मीटर. घरातल्या प्रत्येक गॅसच्या वस्तूवर तिचे बीटीयू लिहिलेली पट्टी असते. सगळ्या पट्ट्या वाचून बेरीज करा. आमच्याकडे दोन फर्नेस (घर गरम करणारी यंत्रं) मिळून 1,40,000, वॉटर हीटर 40,000, आतली शेगडी 55,000, म्हणजे 2,35,000. मीटर होता तासाला 250 घनफुटांचा, म्हणजे साधारण 2,50,000 बीटीयूंचा. त्यात बाहेरचे 1,10,000 मिळवल्यावर तो पुरेना. गॅस कंपनीला वाढीव लोड कळवला, तेव्हा त्यांनी मोठा मीटर बसवून दिला. टँकलेस, म्हणजे टाकी नसलेला वॉटर हीटर असेल तर तो एकटाच 1,99,000 पर्यंत घेतो, त्यामुळे तुमचं गणित आणखी ताणलेलं असेल.

आता कुणाला सांगायचं. टेक्सासमध्ये गॅसची लाइन हे प्लंबरचं काम आहे. त्याचं लायसन्स स्टेट बोर्ड ऑफ प्लंबिंग एक्झामिनर्स देतं आणि नंबर त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. नंबर द्यायला जो कुरकुरतो त्याला चहा पाजून निरोप द्या. सिटीचं परमिट प्लंबरच्या नावाने निघालं पाहिजे. एचओए, म्हणजे वसाहतीची घरमालक संघटना असेल तर त्यांच्या आर्किटेक्चरल कमिटीला नकाशासह अर्ज करावा लागतो. घराच्या सर्व्हेच्या कागदावर मागच्या कुंपणालगत 'युटिलिटी इझमेंट' अशी पट्टी, म्हणजे वीज-पाणी-गॅस कंपन्यांच्या लाइनसाठी राखलेली जागा, दाखवलेली असेल, तिथे ओटा बांधू नका.

खणायच्या आधी 811 ला, म्हणजे जमिनीखालच्या लाइन दाखवून देणाऱ्या सेवेला, फोन करायचाच. सुट्टीचे दिवस सोडून किमान दोन दिवस आधी कळवा. फुकट असतं. माणसं येऊन गवतावर रंगाच्या रेघा मारतात: पिवळी गॅसची, लाल विजेची, निळी पाण्याची, नारिंगी केबलची. मात्र ही माणसं कंपन्यांच्याच लाइन दाखवतात. मीटरच्या पुढची तुमची लाइन आणि स्प्रिंकलरचे पाइप त्यात येत नाहीत.

चर शक्य तितका पॅटिओच्या स्लॅबला वळसा घालून न्या. या भागात बरीच घरं पोस्ट-टेन्शन स्लॅबवर असतात, म्हणजे काँक्रीटच्या आत ताणलेल्या केबल असतात. "इथूनच भोक पाडतो" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. केबल तुटली तर ड्रिल धरणाऱ्याच्या जिवावर बेततं.

जमिनीत पॉलिथिलीनचा पाइप टाकतात, सोबत पिवळी तार, म्हणजे पुढे कधी यंत्राने शोधता येतो. हा प्लॅस्टिकचा पाइप जमिनीवर उघडा येता कामा नये. वर येताना लोखंडी आवरणाचा रायझर लागतो. कोडमध्ये खोली साधारण 12 इंच सांगितली आहे, आमच्या प्लंबरने 18 घेतली. आपल्या देशावरच्या काळ्या रानासारखीच इथली माती, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मला ती जास्तीची खोली पटली.

दुसऱ्यांदा लाइन घातली तेव्हा इन्स्पेक्टर येईपर्यंत चर उघडाच होता. लाइनमध्ये हवा भरून टोकाला गेज लावलेला. पंधरा मिनिटं आम्ही तिघं त्या काट्याकडे बघत उभे होतो आणि तो केसभरही हलला नाही. इन्स्पेक्टरने मग प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलं. सिलिंडर बदलला की आई रेग्युलेटरवर हेच करायची, ते आठवलं. तपासणीआधी माती लोटायची घाई कुणी केली तर लोटू देऊ नका.

ओट्याजवळ हाताला येईल असा पाव फेऱ्याचा कॉक बसवून घ्या. विटांचा बंदिस्त ओटा असेल तर त्याला झरोके हवेत. नॅचरल गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर साठतो, म्हणून झरोके वरच्या अंगाला लागतात. प्रोपेन जड, त्याला ते खाली लागतात.

भारतातून शेगडी आणायचा विचार असेल तर थांबा. तिचे जेट (गॅस सोडणारी बारीक भोकं) एलपीजीसाठीचे असतात. पुण्यात पाइप गॅस घेताना कंपनीचा माणूस जेट बदलून जातो, तसा इथे कुणी मिळणार नाही. प्रोपेनचा बर्नरही उत्पादकाच्या कन्व्हर्जन किटशिवाय या लाइनला लावू नका.

गॅसला जो कुजका वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. 18 मार्च 1937 रोजी पूर्व टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत साठलेल्या गॅसचा स्फोट झाला आणि तीनशेच्या आसपास जीव गेले, त्यात बहुतेक मुलं होती. गॅसला वास नव्हता, त्यामुळे कुणाला कळलंच नाही. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळणं कायद्याने सक्तीचं केलं. तेव्हा वास आला की दिव्याच्या बटणालाही हात लावू नका. मुलांना घेऊन बाहेर पडा, लांब जाऊन 911 ला फोन करा. आणि थंडीत वीज गेली तरी बाहेरचा बर्नर घरात किंवा गराजमध्ये आणू नका. फेब्रुवारी 2021 च्या बर्फात घरात असं काही पेटवून कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावली. आम्ही त्या दिवसांत बाहेर ओट्यावर काडी ओढून पिठलं-भात केला, शेजारच्या आजी-आजोबांना डबा नेऊन दिला.

चर बुजवण्याआधी त्यात मोजपट्टी टाकून फोटो काढून ठेवा, घराच्या भिंतीपासून किती फूट, कुंपणापासून किती, असे. मागच्या वर्षी कुंपणाचे खांब बदलायला माणसं आली तेव्हा 811 च्या रेघा मीटरपाशीच संपल्या होत्या. मी फोनवरचा फोटो दाखवला, त्यांनी एक खांब दोन फूट सरकवून रोवला.