पैसे कापले, पण पोचले नाहीत: यूपीआय अडकल्यावर या चुका टाळा

जूनचा पहिला आठवडा. कराडातल्या आमच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका ताईंनी दोन मुलांच्या वह्या, कंपासपेट्या, कव्हरचे रोल असं १,३६० रुपयांचं सामान घेतलं, क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला. फोनवर चक्र फिरत राहिलं आणि मग आलं ‘पेंडिंग’. साउंडबॉक्स गप्प. तेवढ्यात त्यांना बँकेचा मेसेज आला, १,३६० कापले गेले. मी म्हणालो, “ताई, आमच्याकडे नाही आले. परत एकदा करा.” मागे रांग लागलेली, त्या ओशाळल्या, परत केले. या वेळी साउंडबॉक्स बोलला. रात्री हिशेब मिटवायला बसलो तर दुकानाच्या ॲपमध्ये १,३६० दोनदा. त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. चार दिवसांनी त्या स्वतःच विचारायला आल्या तेव्हा पैसे परत दिले. तोवर सिलिंडरसाठी त्यांनी शेजारणीकडून उसने घेतले होते.

ते उसने पैसे माझ्या चांगलेच जिव्हारी लागले. तेव्हापासून ‘परत करा’ हे शब्द मी गल्ल्यावर बसून उच्चारत नाही. पैसे अडकणं हा प्रकार नेमका काय आहे ते मी समजून घेतलं, आणि गिऱ्हाइकांनाही जमेल तसं समजावतो.

‘पेंडिंग’ म्हणजे ‘फेल’ नव्हे

यूपीआयमध्ये एका व्यवहाराला बरीच घरं फिरावी लागतात. तुमच्या ॲपकडून निरोप यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे जातो, तिथून तुमच्या बँकेकडे. तुमची बँक पैसे वजा करते आणि तसं कळवते. मग समोरच्या बँकेला ‘जमा करा’ असा निरोप जातो आणि ती ‘केले’ म्हणते. हे सगळं एरवी दोन-चार सेकंदांत उरकतं. पण शेवटच्या टप्प्यावर समोरच्या बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही, तर पैसे तुमच्याकडून गेलेले असतात आणि पोचले की नाही हे त्या क्षणी कुणालाच ठाऊक नसतं. ॲप त्याला पेंडिंग म्हणतं. पैसे बुडाले असा त्याचा अर्थ नाही. बँका आपापसांत हिशेब जुळवतात, तेव्हा एक तर ते पुढे जमा होतात किंवा तुमच्या खात्यात परत येतात.

म्हणून पेंडिंग दिसत असताना दुसऱ्यांदा पैसे पाठवणं ही पहिली आणि सगळ्यांत जास्त होणारी चूक. ‘फेल’ असं स्पष्ट दिसलं आणि खात्यातूनही काही गेलं नसेल, तर खुशाल परत करा. पेंडिंग असेल तर थांबा. सामान हवंच असेल तर रोख द्या किंवा दुकानदाराला आपलं नाव-नंबर लिहून द्या. दुकानदारांनीही दहा मिनिटं माणसावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दुसरी चूक तिला लागूनच: दर पाच सेकंदांनी ‘स्टेटस तपासा’ दाबत राहणं, मग बॅलन्स बघणं, मग परत स्टेटस. त्यानं काही लवकर होत नाही. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडखळलं होतं. काही बँकांकडून जुन्या-नव्या व्यवहारांची स्थिती विचारणाऱ्या निरोपांचा लोंढा आला आणि यंत्रणा तुंबली, हे कारण तेव्हा पुढे आलं. त्यानंतर १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच बॅलन्स बघता येतो, आणि स्थिती विचारण्यावरही बंधनं आली. ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याचे व्यवहार २,००० कोटींच्या वर गेले. एवढ्या गर्दीत एखादा निरोप मागे राहणारच.

बारा आकडे जपा

पेंडिंग असो, फेल असो, व्यवहार उघडलात की खाली बारा आकडी क्रमांक दिसतो. त्याला यूटीआर म्हणतात, बँकेत कुणी आरआरएन म्हणेल. त्यापासूनच शोध सुरू होतो. लोक स्क्रीनशॉट काढतात, पण फक्त वरच्या रकमेचा आणि स्थितीच्या खुणेचा. क्रमांक खाली राहून जातो. ॲपने दिलेला लांबलचक ट्रान्झॅक्शन आयडी वेगळा, बँकेला लागतो तो हा बारा आकडी. तारीख, वेळ आणि रक्कम सोबत लिहून ठेवा.

दुकानदारांच्या बाजूची चूक म्हणजे साउंडबॉक्सलाच खातं समजणं. त्या डब्यात स्वतःचं सिम असतं. रेंज गेली, चार्जिंग संपलं, की पैसे येऊनही तो बोलत नाही. डबा बोलला नाही म्हणून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालण्याआधी दुकानाचं ॲप उघडून बघा. आणि उलटही तितकंच खरं: गिऱ्हाइकाच्या फोनवरचं हिरवं पान म्हणजे पैसे आल्याचा पुरावा नव्हे. हुबेहूब तसं पान दाखवणारी बनावट ॲप निघाली आहेत. आपल्या ॲपमध्ये दिसलं तरच आले.

तुमचा हक्क काय आहे

हे फार कमी लोकांना माहीत असतं, आणि मला वाटतं ते दर बँकेच्या दारावर मराठीत लावायला हवं. रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ ला काढलेल्या परिपत्रकात अडकलेल्या पैशांना मुदत घालून दिली आहे. एका माणसानं दुसऱ्याला पाठवलेले पैसे कापले गेले पण जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला केलेल्या व्यवहारात कापले गेले पण दुकानात खात्री पोचली नाही, तर पाच दिवसांत. हे दिवस कॅलेंडरचे, सुट्टी वगळून नव्हेत. मुदत टळली की पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही तुम्ही मागण्याची वाट न बघता खात्यात जमा व्हायला हवी, असं त्यात म्हटलं आहे.

लोक इथे दोन टोकांना जातात. कुणी तासाभरात बँकेत भांडायला उभा राहतो, कुणी ‘जाऊ दे, दोनशेच रुपये’ म्हणून सोडून देतो. मुदत मोजा. ती संपली की आधी ॲपमध्येच त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा, मग ज्या बँकेतून पैसे गेले तिच्याकडे. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तोंडी ‘बघतो’ म्हणाले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. माझ्या मेव्हण्याचे ४,२०० रुपये एकदा अडकले होते. तीन चकरा झाल्या, पण अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्यावर दोन दिवसांत आले.

बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. एक पैसा लागत नाही, वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर अर्ज भरता येतो, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. ऑनलाइन जमत नसेल तर चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडे साधं पत्र पाठवलं तरी चालतं. मात्र आधी बँकेकडे तक्रार केलेली हवी. थेट लोकपालाकडे गेलात तर अर्ज परत येतो, ही चूक खूप जण करतात.

सगळ्यांत महाग पडणारी चूक

पैसे अडकले की माणूस घाबरतो आणि इंटरनेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो. नेमकी इथेच टोळी बसलेली असते. वर आलेला नंबर बँकेचा असेलच असं नाही. पलीकडचा माणूस गोड बोलतो, ‘सर, रिफंड करतो’ म्हणतो, फोनचा पडदा दिसेल असं ॲप टाकायला लावतो किंवा पिन टाकायला सांगतो. अडकलेले पाचशे राहिले बाजूला, खातं रिकामं होतं. आमच्या पेठेतल्या एका काकांचं असंच झालं. त्यांचा दोष मी काढणार नाही, कारण त्या घाबरलेल्या क्षणी माणसाला कुणीतरी हात देणारा हवा असतो.

बँकेचा नंबर डेबिट कार्डाच्या मागे आणि पासबुकावर छापलेला असतो. तोच लावा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनावर एक गोष्ट कायमची बिंबवा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. ‘पैसे घेण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा’ असं सांगणारा माणूस चोरच. ऑनलाइन जुना सोफा विकायला काढणारे यात फार सापडतात. ओळखीच्या-अनोळखी माणसानं ‘पैसे द्या’ अशी विनंती पाठवायची सोय होती, तिचा इतका गैरवापर झाला की व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली गेली.

फसवणूक झालीच, तर लाज वाटून गप्प बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात, म्हणून इथे मिनिटं मोजायची. बारा आकडी क्रमांक इथेही विचारतात. त्याच वेळी बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, तुमची चूक नसताना तिऱ्हाइतानं पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तोटा तुमच्यावर येत नाही. पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्ही बाबतींत कळवल्याची वेळ महत्त्वाची.

चुकून भलत्यालाच गेले तर

हे अडकणं नव्हे, पण विचारणारे खूप येतात. व्यवहार यशस्वी झालेला असतो, त्यामुळे समोरच्याच्या संमतीवाचून बँक पैसे ओढून घेऊ शकत नाही. आधी त्या नंबरला फोन करून विनंती करा. नाही म्हणाला तर यूटीआर घेऊन आपल्या बँकेत अर्ज द्या. बहुतेक वेळा घोळ होतो तो जुन्या सेव्ह केलेल्या नंबरांमुळे: आत्यानं दोन वर्षांपूर्वी सिम बदललेलं असतं आणि तो नंबर कंपनीनं दुसऱ्याला दिलेला असतो. जून २०२५ अखेरपासून पैसे पाठवताना बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. ते नाव वाचा. तेवढे दोन सेकंद द्या. दुकानातही तेच: जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत बऱ्याच दुकानांबाहेरच्या क्यूआरवर चोरांनी रातोरात आपले क्यूआर चिकटवले होते. नाव वेगळं येतंय हे लक्षात आलं म्हणून ते उघडकीला आलं. आम्ही रोज सकाळी शटर उघडलं की स्वतःच्या फोनवरून एकदा स्कॅन करून नाव बघतो.

उलट, ‘माझे चुकून तुमच्याकडे आले, परत पाठवा’ असा फोन आला तर आधी खातं तपासा, मेसेजवर जाऊ नका. खरंच आले असतील तरी स्वतः उलटे पाठवू नका. त्याला त्याच्या बँकेत जायला सांगा, तुमच्या बँकेलाही कळवून ठेवा. ते पैसे चोरीचे निघाले तर तपासात तुमचं खातं गोठू शकतं.

‘नकोच ते, रोखच बरी’

असं म्हणणारे दुकानदार मला भेटतात. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूतल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या, कित्येकांनी क्यूआर काढून ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या. त्यांची भीती मला कळते. पण कर उलाढालीवर आहे, यूपीआयवर नाही; रोखीची विक्रीही उलाढालच. वस्तू विकणाऱ्याला साधारण ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि ताजी भाजी, दूध यांवर जीएसटीच नाही. खरी चूक वेगळी आहे: दुकानाची विक्री, भावानं पाठवलेले उसने पैसे, भिशी, सगळं एकाच बचत खात्यात. मग नोटीस आली की कुठली रक्कम धंद्याची हे सांगता येत नाही. दुकानाला चालू खातं वेगळं काढा.

आणि रोजच्या चहा-भाजीसाठी यूपीआय लाइट वापरून बघा. त्यात ५,००० रुपयांपर्यंत रक्कम आधीच बाजूला ठेवलेली असते आणि एका वेळी १,००० पर्यंत पिनशिवाय देता येते. दर खेपेला बँकेचा दरवाजा ठोठवावा लागत नाही, त्यामुळे अडकण्याचं प्रमाण पुष्कळ कमी. पिन नसल्यानं फोनला लॉक मात्र हवाच.

आमच्या गल्ल्याशेजारी आता एक दोनशे पानी वही असते. पेंडिंग झालं की तारीख, नाव, मोबाइल, रक्कम आणि यूटीआरचे शेवटचे चार आकडे असे पाच रकाने भरतो आणि सामान देऊन टाकतो. सहावा रकाना ‘मिटलं’ असा आहे. रात्री ॲप बघून, पैसे आले असोत की परत गेले असोत, त्या माणसाला फोन केल्यावरच तिथे खूण होते.