कृषी केंद्रात माल किती भरायचा अन कधी भरायचा

दारव्ह्याकडं एका गावात माझं छोटंसं कृषी केंद्र आहे, आजूबाजूची पाच-सहा गावं गिऱ्हाईक. दरवर्षी एप्रिल-मे आला की नवीन दुकान टाकलेल्या एखाद्या पोट्ट्याचा फोन येतेच, भाऊ माल किती भरू. फोनवर अर्धा घंटा बोलण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी माझी फजिती ऐका. पहिल्याच वर्षी एका कंपनीचा माणूस आला, म्हणे सोयाबीनच्या तणनाशकाच्या एवढ्या पेट्या उचला, गोव्याची ट्रिप पक्की. मी उचलल्या, तेही व्याजाच्या पैशानं. पेरण्या झाल्या, अन नेमकी फवारायच्या टायमाला जी झड लागली ते बारा-तेरा दिवस उघाडच नाही, वावरात पाय रुतून राहिले तिथं पंप पाठीवर घेऊन कोण जाते. उघडलं तोवर तण गुडघ्याला. लोकं म्हणे आता औषध कायले, निंदाले बायाच लावू. 84 डबे माझ्या गोडाऊनात राहिले अन गोव्याले दुसराच कोणीतरी गेला.

तेव्हापासून मी स्कीम पाहून माल भरत नाही, पेरा पाहून भरतो. कसं ते सांगतो. मे महिन्यात बियाणं विचारायला लोकं येतात तेव्हाच वहीत लिहायचं, कोणाचं सोयाबीन किती एकर, पऱ्हाटी म्हणजे कपाशी किती, तूर किती. समजा आपल्या गिऱ्हाइकांचं मिळून 400 एकर सोयाबीन निघालं. सगळेच तणनाशक मारत नाहीत, काही डवरणी-निंदणीवरच राहतात, काही दुसऱ्या दुकानातून उधार उचलतात. माझ्याकडं साधारण निम्मे येतात, म्हणजे 200 एकर. इमॅझेथापायर, म्हणजे सोयाबीनचं तणनाशक, एकरी 400 मिली लागते, म्हणजे 80 लिटर. यातलं 50 लिटर आधी आणायचं, बाकीच्या 30 साठी होलसेलवाल्याशी बोलून ठेवायचं. ते 50 लिटरही पेरण्या झाल्यावरच आणायचं, आधी नाही.

ते औषध पेरणीनंतर 15 ते 20 दिवसात, तण दोन-चार पानांवर असतानाच चालते. म्हणून दुकानातल्या कॅलेंडरवर गावागावाची पेरणीची तारीख लिहायची. एका गावात 22 जूनला पेरण्या झाल्या तर 7 ते 12 जुलै ही त्या गावाची गर्दी. माल 5 जुलैला दुकानात पाहिजे, 25 जूनला नाही अन 14 जुलैला तर नाहीच नाही. पेरणी कधी होईल याचा अंदाज आपल्या महसूल मंडळाच्या पावसावरून येतो, 75 ते 100 मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग सांगतेच. 2023 ला पाऊस कित्येक दिवस लांबला होता, ज्यानं मागच्या वर्षीची तारीख धरून गोडाऊन भरलं त्याचं व्याज नुसतंच चालू राहिलं. लाखाचा माल पडला अन पैसा दीड रुपया शेकड्याचा असला तर महिन्याला 1500 गेले, दुकानाचं भाडं बी तेवढं नसते आपल्याकडं.

आता सगळ्या मालाला एकच काटा लावू नका. मी प्रत्येक वस्तूला दोन सवाल विचारतो, कमी पडली तर काय जाते अन उरली तर काय जाते. सोयाबीनचं बियाणं उरलं तर खेळ खल्लास, टेस्टिंगच्या तारखेपासून 9 महिने व्हॅलिडिटी, अन उगवण तर गोडाऊनच्या गर्मीत त्याच्याही आधी घसरते. म्हणून बियाणं हात राखून, अन कंपनी परत घेणार असेल तर कोणत्या तारखेपर्यंत घेणार ते बिलावर लिहून घेऊनच. एमामेक्टिन हे अळीचं औषध उरलं तर टेन्शन नाही, कपाशीत नाही खपलं तर हरभऱ्याच्या घाटेअळीवर डिसेंबर-जानेवारीत जाते. इमॅझेथापायर मात्र कपाशीवर मारलं तर पऱ्हाटीच जाईन, त्याचा सीझन गेला की पुढच्या जुलैपर्यंत तो डबा नुसता पाहत बसायचा.

अन फवारणी पंपाचं नोझल! यात सगळेच चुकतात. चाळीस-पन्नासची वस्तू म्हणून कोणी लक्ष देत नाही, पण नोझल घ्यायला आलेला माणूस दोन हजाराचं औषध बी घेऊन जाते, अन नोझल नसलं की दोन्ही शेजारच्या दुकानात. ऑगस्टमध्ये माझे रोज 2 जातात, यवतमाळहून माल यायला 3 दिवस, म्हणजे 6. नाल्याला पूर आला की गाडी दोन दिवस अटकते, त्याचे 4. डब्यात 10 उरले की फोन करायचा, शून्य व्हायची वाट पाहायची नाही. रोज जाणाऱ्या कोणत्याही वस्तूला हाच हिशोब चालते. सीझन बदलला की आकडा बदला, नाहीतर जानेवारीत बी 10 वरच फोन लावत बसाल.

काउंटरवर एक छोटी वही ठेवा, फक्त 'नाही' म्हटलेल्या मालाची. बिलबुकात विकलेला माल दिसते, परत गेलेला गिऱ्हाईक कुठंच दिसत नाही. पण एकाच पानावर तीन कंपन्यांची नावं दिसली म्हणून तिन्ही आणू नका, आधी डब्यावरचा घटक वाचा. लोकं मोबाईलवर फोटो घेऊन येतात, "हेच पाहिजे भाऊ", अन तोच घटक आपल्या फळीवर दुसऱ्या नावानं पडून राहते. एका घटकाचे दोनच ब्रँड ठेवा, एक महागातला अन एक स्वस्तातला, अन स्टॉक मोजताना दोन्ही मिळून मोजा.

खताचं आपल्या हातात कमी आहे, रेल्वेची रॅक लागली की येते, म्हणून युरिया मिळेल तेव्हा जागेपुरता घ्यायचा. 266 रुपये 50 पैशाच्या थैलीत मार्जिन काही नाही, पण युरियासाठी माणूस दुकानात येते. पॉस मशीनमधला, म्हणजे शेतकऱ्याचा अंगठा घेऊन खत विकायच्या मशीनमधला, स्टॉक अन गोडाऊनातल्या थैल्या रोज संध्याकाळी जुळवा, अंगठा नंतर घेऊ म्हणून थैली उधार सोडली की तिथंच गडबड होते.

दिवाळीच्या आसपास, लोकांच्या हाती चुकारे, म्हणजे विकलेल्या पिकाचे पैसे, यायला लागले की एक दिवस दुकान अर्धं बंद ठेवून सगळा माल मोजायचा. ज्याची एक्सपायरी पुढच्या जुलैच्या आत आहे तो पुढच्या फळीवर, रब्बीत जाईन तेवढा काढायचा, बाकीच्यासाठी होलसेलवाल्याच्या मागं तेव्हाच लागायचं, मार्चमध्ये कोणी फोन उचलत नाही. मुदत संपलेलं औषध वेगळं काढून त्यावर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का मारून अलग जागी ठेवावं लागते. माझ्याकडं त्यासाठी मागच्या खोलीत एक लोखंडी पेटी आहे, कुलूप लावलेली, त्यात पहिल्या वर्षीचे 84 पैकी 31 डबे गेले होते.