माणूस स्वार्थी की निःस्वार्थी : हा प्रश्न चार माणसांत तपासावा कसा

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. उजनीचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून जलवाहिनीने शहरात येते, ते काही दिवसांआड आणि ठरावीक वेळच सुटते, आणि सुटल्याबरोबर एखाद्या घराने नळाला थेट मोटार लावली की पुढच्या चार घरांची धार बारीक होते. त्याच गल्लीत, त्याच सकाळी, एखाद्या म्हाताऱ्या बाईची घागर शेजारचा मुलगा न सांगता भरतो आणि तिच्या उंबऱ्याशी आणून ठेवतो. माणूस मुळात स्वार्थी की निःस्वार्थी असा वाद निघाला की एक पक्ष मोटारीकडे बोट दाखवतो, दुसरा घागरीकडे, आणि दोघेही आपापले मत जसेच्या तसे घेऊन घरी परततात. घागर भरणारा मुलगा कित्येकदा मोटार लावणाऱ्या घरातलाच असतो, ही गोष्ट मात्र दोन्ही पक्षांच्या नजरेतून सुटते.

हा विषय चार माणसांत नीट बोलता येतो, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. त्यासाठी थोडी पूर्वतयारी लागते, इतकेच. दहा-पंधरा माणसे, आठवड्याच्या अंतराने दोन संध्याकाळी, कोरे कागद आणि भरपूर चिंचोके एवढ्यावर काम भागते. माणसे एकाच वयाची किंवा एकाच धंद्यातली नसावीत. बैठक सोलापूरच्या पूर्व भागात असेल, तर यंत्रमागावरचा कामगार, विड्या वळणारी बाई, दुकानदार आणि महाविद्यालयातली मुले यांना एकत्र बसवावे आणि ज्याला तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोलावेसे वाटेल त्याला तसे बोलू द्यावे, कारण स्वतःचा हेतू सांगताना माणसाला घरचीच भाषा लागते. आरंभी प्रत्येकाने कागदावर, नाव न घालता, दोन गोष्टी लिहाव्यात: गेल्या महिन्यात दुसऱ्यासाठी केलेले एक काम, आणि दुसऱ्याची अडचण दिसत असूनही न केलेले एक काम. हे कागद गोळा करून जपून ठेवावेत. 'माणूस कसा असतो?' असा सरसकट प्रश्न पहिल्या संध्याकाळी विचारू नये. तो विचारला की प्रत्येक जण स्वतःला वगळून उरलेल्या माणसांविषयी बोलू लागतो.

त्यानंतर शब्द निवडून घ्यावेत. आजारी पडल्यावर औषध घेणे, केलेल्या कामाची मजुरी मागणे आणि शेजाऱ्याचे पाणी ओढून घेणे या तिन्ही गोष्टींना आपण 'स्वार्थ' हा एकच शब्द लावतो आणि मग त्या एका शब्दाभोवती तासभर भांडतो. येथे भर्तृहरीचा फार उपयोग होतो. नीतिशतकात त्याने माणसांचे चार वर्ग केले आहेत: स्वतःचे हित सोडून दुसऱ्याचे साधणारे सत्पुरुष; स्वतःच्या हिताला बाध न आणता दुसऱ्याचे साधणारे सामान्य लोक; स्वतःच्या हितासाठी दुसऱ्याचे बुडवणारे मानवराक्षस; आणि स्वतःला काहीच मिळायचे नसताना दुसऱ्याचे बुडवणारे, ज्यांना काय नाव द्यावे हे कवीलाही सुचत नाही. मी हे चार वर्ग माणसांना न लावता कृतींना लावतो, आणि आपणही तसेच करावे असे सुचवतो. एकाच माणसाची सकाळची कृती तिसऱ्या वर्गात आणि संध्याकाळची पहिल्या वर्गात बसू शकते. चौथ्या वर्गाची तर मुद्दाम चर्चा करावी, कारण दुष्टपणा म्हणजे स्वार्थच, असे आपण गृहीत धरतो. भावाला वाटा मिळू नये म्हणून स्वतःचेही शेत कोर्टकचेरीत पडीक ठेवणारा माणूस स्वतःचे कोणते हित साधत असतो?

पहिल्या पाव तासात कोणी तरी हमखास म्हणेल, "दान करणाऱ्यालाही समाधान मिळतेच ना? मग तोही स्वार्थीच." या वाक्यावर घाईने पुढे जाऊ नये, कारण बहुतेक चर्चा येथेच संपते आणि ती संपू नये यासाठीच एवढा खटाटोप आहे. टिळकांनी गीतारहस्यात, 'आधिभौतिक सुखवाद' या प्रकरणात, हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञासारख्यांचे हे मत घेऊन त्याची छाननी केली आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ बटलर या धर्मोपदेशकाने १७२६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत त्याला जे उत्तर दिले, ते आजही मला सर्वांत सरळ वाटते. आपल्या भाषेत सांगायचे तर असे: भूक लागलेली असते म्हणून जेवल्यावर समाधान होते, समाधान हवे म्हणून भूक लागत नाही. दुसऱ्याचे बरे व्हावे ही इच्छा मनात आधी नसेल, तर त्याचे बरे झाल्याचे समाधान येणार कोठून? समाधान हे त्या इच्छेच्या मागून येते, आणि मागून आलेल्या गोष्टीला हेतू म्हणणे चुकीचे आहे.

एवढ्याने काहींचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये. त्यांच्यासाठी एक कसोटी हाताशी ठेवावी: कृती तीच ठेवून तिच्याभोवतीची एकच गोष्ट मनातल्या मनात बदलून पाहणे. जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या, यात्रेला आलेल्या लोकांसाठी एखादा व्यापारी अन्नदान करतो, असे समजू. त्याच्या नावाचा फलक काढला तर तो अन्नदान करील काय? आदल्याच दिवशी दुसऱ्या कोणी त्या सर्वांना पोटभर जेवू घातल्याचे कळले, तर त्याला हायसे वाटेल की त्याची निराशा होईल? लोक जेवावेत ही इच्छा असेल तर हायसे वाटेल. आपण जेवू घालावे ही इच्छा असेल तर निराशा होईल. आणि पुष्कळदा दोन्ही थोडे थोडे होईल, हे उत्तरही लिहून घ्यावे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल बॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाची कल्पना हीच होती. एका तरुणीला विजेचे झटके बसत आहेत असे दृश्य सहभागी विद्यार्थिनींना दाखवले गेले. झटके खरे नव्हते, पण त्यांना ते खरे वाटत होते. काहींना थोडे पाहून निघून जाण्याची मुभा होती, काहींना शेवटपर्यंत पाहावे लागणार होते, आणि तिच्या जागी स्वतः बसण्याची तयारी आहे का, असे सर्वांना विचारले गेले. स्वतःची अस्वस्थता टाळणे एवढाच हेतू असता, तर जाण्याची मुभा मिळालेल्या बहुतेकींनी ती घेतली असती. ज्यांना ती तरुणी आपल्यासारखी नाही असे सांगितले होते, त्यांनी ती घेतलीही. पण ती आपल्यासारखीच आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी बहुतेक जणी जाण्याची वाट मोकळी असतानाही झटके सोसायला तयार झाल्या. या प्रयोगाच्या अर्थावर पुढे पुष्कळ वाद झाला. मला त्यातला 'आपल्यासारखी' हा शब्द अधिक अस्वस्थ करतो, आणि बैठकीत त्यावर थांबावे असे वाटते: आपली माया कोणत्या पेठेपर्यंत, कोणत्या जातीपर्यंत, कोणत्या भाषेपर्यंत पोहोचते आणि कोठे आटते, हे त्या एका शब्दात आहे.

दुसऱ्या संध्याकाळी चिंचोके काढावेत. पाच-पाच जणांचे गट करावेत आणि प्रत्येकाला दहा चिंचोके द्यावेत. प्रत्येकाने त्यांतले हवे तेवढे मूठ झाकून मधल्या डब्यात टाकावेत आणि उरलेले स्वतःजवळ ठेवावेत. डब्यात जमलेल्या चिंचोक्यांत तेवढेच आणखी घालून ती रास पाचांत सारखी वाटावी, मग कोणी कितीही टाकलेले असोत. पाचही जणांनी सर्व टाकले तर पन्नासाचे शंभर होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला वीस येतात. कोणीच काही टाकले नाही तर दहाचे दहाच राहतात. चौघांनी सर्व टाकले आणि एकाने काहीच टाकले नाही, तर चौघांना सोळा-सोळा मिळतात आणि न टाकणाऱ्याचे मात्र सव्वीस होतात. नळाच्या मोटारीचे गणित हेच आहे, आणि ते सांगण्यापूर्वीच कोणा ना कोणाच्या ते लक्षात येते.

दर फेरीला नवे दहा चिंचोके देऊन अशा दहा फेऱ्या खेळाव्यात आणि प्रत्येक फेरीत डब्यात किती पडले ते फळ्यावर लिहीत जावे. जगभर हा खेळ पैसे लावून खेळवला गेला आहे, आणि त्यात साधारणपणे असे दिसते की आरंभी लोक जवळ असलेल्यातले सुमारे निम्मे टाकतात आणि पुढे फेरीगणिक आकडा घसरत जातो. घसरण पाहून 'बघा, शेवटी माणूस स्वार्थीच' असा निष्कर्ष काढण्याची घाई होईल. ती थोपवावी आणि ज्यांनी टाकणे कमी केले त्यांना कारण विचारावे. आमच्या बैठकीत एका बाईंनी जे सांगितले ते मी अजून विसरलेलो नाही. त्या म्हणाल्या, "दादा, मला द्यायचं नव्हतं असं नाही; मी एकटीच येडी ठरायला नको, म्हणून हात आखडला." झुरिचमधील अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागींपैकी सुमारे निम्मे लोक असेच निघाले: इतर देतात तोवर देणारे. काहीही न देणारे सुमारे ३० टक्के होते.

त्यानंतर नियम बदलावा. पुढच्या पाच फेऱ्यांत चिंचोके टाकण्याआधी आपसांत बोलण्याची मुभा द्यावी. त्याच्या पुढच्या पाच फेऱ्यांत, कोणी किती टाकले ते उघड करावे आणि ज्याला वाटेल त्याने स्वतःचा एक चिंचोका खर्च करून न देणाऱ्याचे तीन चिंचोके काढून घेता यावेत, असे ठरवावे. फळ्यावरचा आकडा बहुधा पुन्हा चढू लागतो. माणसे तीच असतात. फक्त बोलणे आणि दंड यांची सोय झालेली असते. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते जंगले, कुरणे, मासेमारी आणि सिंचनाचे पाणी लोक स्वतः नियम करून कसे सांभाळतात, याच्या अभ्यासासाठी. आपल्याकडची भिशी याच पायावर उभी असते: पहिला नंबर लागलेली बाई रक्कम घेऊनही शेवटच्या महिन्यापर्यंत हप्ता भरते, यात तिची नियत किती आणि गल्लीची नजर किती, हे तिलाही वेगळे करून सांगता येत नाही. दंड करण्यासाठी स्वतःचा चिंचोका खर्चणाऱ्याला कोणत्या वर्गात घालावे, हा प्रश्न मी दर वेळी गटापुढे ठेवतो. त्यावर एकमत झालेले मी पाहिलेले नाही.

माणूस 'निसर्गतः' कसा, असेही कोणी विचारील; त्या 'निसर्गतः' शब्दावर फार वेळ घालवू नये, पण एक गोंधळ दूर करावा. जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ साली दाखवून दिले की नातलगांसाठी झीज सोसण्याची प्रवृत्ती नैसर्गिक निवडीत टिकू शकते, आणि रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ साली परस्परोपकाराविषयी तसाच विचार मांडला. यावरून आईची माया हा हिशेब आहे असे ठरत नाही. ती माया कशी रुजली एवढेच त्यातून कळते. अठरा महिन्यांची मुले परक्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू बक्षिसावाचून उचलून देतात, हे २००६ साली प्रयोगाने दाखवले गेले. तीच मुले खेळणे हिसकावूनही घेतात, हे सांगायला प्रयोग लागत नाही.

सोलापुरात बैठक असली की डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव निघतेच, आणि निघावेच. भैय्या चौकातील त्यांच्या घरी आज स्मारक आहे. मात्र त्यांचा उपयोग पुरावा म्हणून करू नये, कारण एका थोर माणसाने बाकीच्यांविषयी काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी असे विचारावे: १९३८ साली, जपानशी युद्ध चालू असताना, चीनला गेलेले भारतीय डॉक्टर पाच होते, चौघे परत आले आणि कोटणीस तेथेच राहिले; मग त्या चौघांना स्वार्थी म्हणायचे काय? युद्धाच्या धुमाळीत जखमींची सेवा करून आपल्या घरी परतणे भर्तृहरीच्या कोणत्या वर्गात बसते? आणि कोटणीसांनी १९४१ साली तेथे लग्न केले, १९४२ साली त्यांना मुलगा झाला, त्याच वर्षी ९ डिसेंबरला वयाच्या ३२व्या वर्षी ते गेले. त्यांच्या त्या चार वर्षांत स्वतःचे सुख अजिबात नव्हते असे आपण का मानतो? मला तर ते होते म्हणूनच हा माणूस अधिक जवळचा वाटतो.

अखेरीस पहिल्या दिवशीचे कागद काढून, अक्षर ओळखू येणार नाही अशा रीतीने एकानेच मोठ्याने वाचावेत आणि प्रत्येक कृतीविषयी तीनच गोष्टी विचाराव्यात: झळ कोणाला बसली, लाभ कोणाला झाला, आणि पाहणारे कोण होते. न केलेल्या कामांचे कागद वाचताना कोणी हसणार नाही याची काळजी घ्यावी. त्यांतील पुष्कळ कागदांवर आळस किंवा लोभ यांपेक्षा 'दुसरे कोणी तरी करील असे वाटले' हेच लिहिलेले आढळते. आमच्या दुसऱ्या बैठकीत एका कागदावर नळाच्या मोटारीचा उल्लेख होता. तो कोणाचा ते कोणी विचारले नाही. पाणी सुटल्यावर पहिला अर्धा तास कोणीही मोटार लावायची नाही, असे त्याच रात्री नऊ घरांनी ठरवले. तिसऱ्या पाण्याला एका घराने ते मोडले, तेव्हा शेजारच्या काकूंनी दारात जाऊन शांतपणे आठवण करून दिली, आणि चौथ्या पाण्याला त्या घरची मोटार अर्ध्या तासानंतरच सुरू झाली.