रिटर्न दुसऱ्याकडून भरून घेताना

सांगलीत विश्रामबागला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी बरीच वर्षं काम करते. माझ्यासमोर येऊन बसतात ते बहुतेक जिल्हा परिषदेचे शिक्षक, पेन्शनर, नवऱ्याच्या मागे फॅमिली पेन्शनवर असलेल्या बायका आणि नोकरी सांभाळून तासगावकडे द्राक्षबाग करणारे. यातल्या कुणालाच इन्कम टॅक्सचं रिटर्न स्वतः भरायची हौस नसते आणि मदत घेण्यात कमीपणाही नाही. फक्त एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या. भरणारा कोणीही असो, रिटर्नच्या शेवटी ‘ही माहिती खरी आहे’ असं जाहीर करता ते तुम्ही. उद्या प्रश्न आला तर तो तुमच्या पॅनवर येतो, भरणाऱ्याच्या नाही. म्हणून काम दुसऱ्याला द्या, पण खातं आणि आकडे आपल्या हातात ठेवा. ते कसं ठेवायचं, तेच इथे लिहिते.

सुरुवात करायची ती कोणाकडे जायचं इथून. एकच पगार किंवा पेन्शन आणि बँकेचं व्याज, एवढंच असेल तर घरातलं शिकलेलं पोरगं किंवा सूनसुद्धा तासाभरात भरून देईल. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर रिटर्न भरायला पैसे पडत नाहीत आणि बरीचशी माहिती आधीच भरून आलेली असते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर आणखी सोय आहे. उत्पन्न फक्त पेन्शन आणि व्याज असेल, दोन्ही एकाच ठरावीक बँकेत येत असेल, तर बँकेला घोषणापत्र द्यायचं. बँकच हिशोब करून कर कापते आणि रिटर्न भरावं लागत नाही. घर किंवा जमीन विकली, शेअरची खरेदी-विक्री केली, जुन्या वर्षांचा फरक एकदम मिळाला, परदेशातलं उत्पन्न आलं, तर मात्र जाणत्या माणसाकडेच जा. सीए असेल तर त्यांचं नाव आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या यादीत बघता येतं. सीए नसलेले पण वर्षानुवर्षं बसलेले कर सल्लागारही उत्तम काम करतात. पाटी बघण्यापेक्षा मी सांगेन की तो माणूस जुलैत कागद मागतो का आणि डिसेंबरात जागेवर सापडतो का, ते बघा.

फी आधी विचारा. आणि ‘रिफंड मिळवून देतो, त्यातले इतके टक्के माझे’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या. फी कामाची असते, रिफंडची नसते. ज्याची कमाई तुमच्या रिफंडवर अवलंबून आहे, तो रिफंड वाढवण्याच्याच मागे लागणार.

हे मी एवढं जोरात का सांगते त्याला कारण आहे. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली, त्यात महाराष्ट्रही होता. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणारे एजंट हे त्याचं लक्ष्य होतं. खात्याने तेव्हा सांगितलं होतं की हे लोक गठ्ठ्याने रिटर्न भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल काढतात आणि नंतर ते सोडून देतात; नोटीस तिथेच न वाचता पडून राहते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते.

त्यातलंच एक प्रकरण माझ्या टेबलावर आलं. शिक्षक. शाळेत येऊन सगळ्यांचे फॉर्म सोळा (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) गोळा करून नेणाऱ्या एका माणसाने त्यांचं रिटर्न भरलेलं. मी पोर्टल उघडून त्यांच्यासमोर स्क्रीन फिरवली. कलम ८०जीजीसी, म्हणजे राजकीय पक्षाला देणगी, तिथे मोठी रक्कम.

“सर, ही देणगी तुम्ही दिली होती?”

“मॅडम, मी मतदानाशिवाय कुठल्या पक्षाला काही दिलं नाही.”

मग प्रोफाइल उघडलं. मोबाईल त्यांचा नाही, ई-मेल त्यांचा नाही. खात्याने पाठवलेली सूचना कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये गेलेली. शेवटी अपडेटेड रिटर्न, म्हणजे चूक सुधारून नंतर भरायचं रिटर्न, भरून, आलेला रिफंड व्याजासह आणि वर २५ टक्के जादा देऊन त्यांनी ते मिटवलं. तो जादा भार पहिल्या बारा महिन्यांत २५ टक्के असतो, पुढे ५०, ६० आणि ७० टक्क्यांपर्यंत चढत जातो. खात्याने स्वतःहून पकडून चुकीची माहिती दिल्याचं ठरवलं तर त्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. अत्यंत सरळ माणूस, आणि केवढा घाबरलेला. त्या दिवसापासून मी समोर आलेल्या प्रत्येकाचं आधी प्रोफाइल बघते, आकडे नंतर.

तुम्हीही तेच करा. पोर्टलवर लॉगिन पॅन नंबरने होतं. ‘माय प्रोफाइल’मध्ये संपर्काचा मुख्य मोबाईल आणि ई-मेल तुमचाच हवा. घरात मुलगा बघत असेल तर मुलाचा चालेल. सल्लागाराचा हवा असेल तर तो दुय्यम संपर्क म्हणून घाला, तशी जागा तिथे दिलेली आहे. पासवर्ड सल्लागाराकडे असला तरी तुमच्या डायरीतही असू द्या, आणि काम झालं की बदला. रिफंड ज्या बँक खात्यात यायचा ते खातं तुमचंच, पोर्टलवर प्रमाणित केलेलं, आणि पॅन आधारला जोडलेलं असलं पाहिजे.

आता कागद. फॉर्म सोळा १५ जूनपर्यंत मिळायला हवा. पेन्शनरांना तो बँकेतून किंवा कोषागारातून मिळतो. सगळ्या बँकांची पासबुकं भरून आणा, एकट्या पगाराच्या बँकेचं नको. एफडीची व्याजपत्रं, टीडीएसची (आधीच कापून घेतलेल्या कराची) प्रमाणपत्रं, घरभाडं येत असेल तर करार आणि घरपट्टीची पावती, शेअर-म्युच्युअल फंडाचं भांडवली नफ्याचं स्टेटमेंट. कर मोजायच्या नवी आणि जुनी अशा दोन पद्धती आहेत; जुन्या पद्धतीने भरणार असाल तर विमा, पीपीएफ, गृहकर्जाचं प्रमाणपत्र, मेडिक्लेमची पावती हेही लागतं. विम्याचा पॉलिसी नंबरसुद्धा आता रिटर्नमध्ये विचारतात, त्यामुळे ‘साधारण दीड लाख धरा’ असं सांगून भागत नाही.

मग सल्लागाराला सांगा, एआयएस आणि छब्बीस एएस माझ्यासमोर उघडा. एआयएस म्हणजे तुमच्या पॅनवर वर्षभरात कुठून काय आलं याची खात्याकडची वही: व्याज, लाभांश, शेअरविक्री, मोठे व्यवहार. छब्बीस एएसमध्ये कापलेला टीडीएस दिसतो. दोन्ही आपल्या पासबुकांशी ताडून बघा. एआयएसमध्ये चुकीची नोंद असेल तर तिथेच प्रतिसाद नोंदवता येतो. आणि उलटंही लक्षात ठेवा: गावच्या पतसंस्थेतलं व्याज एआयएसमध्ये दिसलं नाही, म्हणून ते उत्पन्न नाही असं होत नाही. ते सांगायचं. सल्लागाराला तुमच्या पतसंस्थेबद्दल कसं कळणार?

आमच्या भागात नेहमी अडणाऱ्या तीन गोष्टी जरा सावकाश सांगते.

पहिली फॅमिली पेन्शन. मिरजेहून एक काकू येतात. समजा त्यांना महिना २८,००० फॅमिली पेन्शन, म्हणजे वर्षाला ३,३६,०००, आणि एफडीचं व्याज १,४०,०००. ज्येष्ठांना बँकेचं व्याज वर्षाला एक लाखावर गेलं की टीडीएस लागतो, म्हणून बँकेने दहा टक्क्यांनी १४,००० कापलेले. फॅमिली पेन्शन हा पगार नव्हे. ती ‘इतर उत्पन्नात’ दाखवायची. त्यावर पगारदारांची ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळत नाही. तिला वेगळी वजावट आहे: एक तृतीयांश किंवा नव्या पद्धतीत २५,००० आणि जुन्या पद्धतीत १५,०००, यातलं कमी ते. म्हणजे नव्या पद्धतीत काकूंचं उत्पन्न ४,५१,०००, सवलतीमुळे कर शून्य, आणि १४,००० पूर्ण परत. बरेच जण घाईत ती पगारात टाकून ७५,००० वजा करतात. काकू म्हणाल्या, “कर तर दोन्हीकडे शून्यच ना गं?” शून्यच. पण खोट्या रकान्यावर आपण सही का करायची? एवढं सांगितल्यावर त्यांनी स्वतः तो रकाना वाचून बघितला. टीडीएस पुढच्या वर्षी कापला जाऊ नये म्हणून बँकेत एप्रिलमध्येच स्वयंघोषणापत्र द्यायचं, ज्याला आपण आजवर पंधरा एच म्हणत आलो ते. हे मी त्यांच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून दिलं आहे.

दुसरी फरकाची रक्कम. शिक्षकांना वेतन आयोगाचे हप्ते किंवा निवडश्रेणीचा फरक एका वर्षात हातात येतो आणि त्या वर्षी कर वाढतो. कलम ८९ खाली सवलत मिळते, पण त्यासाठी दहा ई हा फॉर्म पोर्टलवर भरावा लागतो, आणि तोही रिटर्नच्या आधी. नाही भरला तर सवलत नामंजूर होऊन कराची मागणी येते. सल्लागाराला स्पष्ट विचारा: “दहा ई भरला का? त्याची पोचपावती दाखवा.”

तिसरी शेती. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून दाखवायचंच नाही असा समज फार पसरला आहे. ते दाखवायचं असतं, आणि ५,००० च्या वर गेलं की रिटर्नचा सोपा फॉर्म आयटीआर-१ चालत नाही, नोकरदाराला आयटीआर-२ घ्यावा लागतो. दुसरं उत्पन्न करपात्र असेल तर कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्नही हिशोबात येतं. सातबारा आणि अडत्याच्या पट्ट्या जपून ठेवा, खता-औषधांची बिलंही. शेतीच्या नावावर वाढवून दाखवलेला आकडा पहिल्या प्रश्नातच उघडा पडतो.

नवी पद्धत की जुनी, याला एकच उत्तर नाही. दोन्हीचा हिशोब छापून मागा. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य येतो आणि पगारदाराला ७५,००० ची वजावट धरून ही मर्यादा १२,७५,००० होते. शेअरच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ती सवलत लागू नाही. बहुतेकांना हीच पद्धत परवडते. मोठं गृहकर्ज, घरभाडं भत्ता आणि भरपूर गुंतवणूक असेल तर जुनी अजूनही फायद्याची ठरू शकते. पण जुनी घ्यायची तर रिटर्न मुदतीतच गेलं पाहिजे, उशिरा भरलं तर नवीच लागते. पगार-पेन्शनवाल्यांची मुदत ३१ जुलै. गेल्या वर्षी ती वाढून शेवटी १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती, म्हणून यंदाही वाढेल असं धरून बसू नका. उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण ५,००० पर्यंत विलंब शुल्क बसतं. एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००. एक सांगून ठेवते, १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आहे, पण २०२५-२६ चं रिटर्न जुन्या १९६१ च्या कायद्यानेच भरायचं आहे. यावरून कुणी गोंधळवलं तर गोंधळू नका.

आता सगळ्यात मोलाची पायरी. सल्लागार फोन करतो, “काका, ओटीपी आला असेल, सांगा.” आणि काका बाजारात भाजी घेता घेता सहा आकडे वाचून दाखवतात. हा ओटीपी म्हणजे तुमची सही. तो देण्याआधी भरलेल्या रिटर्नची प्रत व्हॉट्सअॅपवर मागवा आणि पाच आकडे बघा: एकूण उत्पन्न, कोणकोणत्या वजावटी, कर किती, टीडीएस किती, रिफंड किंवा भरणा किती. समोर आलेल्या प्रत्येक वजावटीला ‘हिचा कागद माझ्याकडे आहे का’ हे विचारा. नसेल तर ती काढायला लावा. चांगला सल्लागार याचा राग मानत नाही. आम्हाला तर असा माणूस आवडतो.

भरल्यावर तीस दिवसांच्या आत पडताळणी झाली पाहिजे, आधार ओटीपीने किंवा नेट बँकिंगने. मोबाईल आधारला जोडलेला नसेल तर आयटीआर-व्ही या पडताळणीच्या कागदावर सही करून तो बेंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राला पोस्टाने पाठवता येतो. पडताळणी राहिली तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात, आणि दरवर्षी कोणी ना कोणी यात अडकतं. पोचपावती, पूर्ण रिटर्न आणि हिशोबाचा कागद, तिन्ही आपल्याकडे घ्या. नुसत्या पोचपावतीत वजावटी कळत नाहीत.

पुढे काही आठवड्यांनी कलम १४३(१) ची सूचना ई-मेलवर येते. ती पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो: पॅन लहान अक्षरांत आणि लगेच पुढे जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकड्यांत. आपण भरलेले आकडे आणि खात्याने धरलेले आकडे शेजारी शेजारी असतात. फरक असेल तर सल्लागाराकडे जा, आणि तो फोन उचलत नसेल तर थांबून राहू नका; पोर्टलची मदतवाहिनी १८०० १०३ ००२५ आहे, आणि पासवर्ड तुमच्याकडे असेल तर दुसऱ्या कोणाकडूनही उत्तर भरून घेता येतं.