वाल, बरबटीला (चवळीला) जीवामृत देताना या चुका टाळा

पोळा झाला की मला हमखास फोटो येतात. मांडवभर गच्च हिरवा वाल, आणि खाली प्रश्न: "भाऊ, फुलं नाही येत. आता काय टाकू?" काहीच टाकू नका!

माझ्या भाच्याने हिंगण्याकडे वाल लावला होता. भाद्रपदात फूल दिसेना, म्हणून पठ्ठ्याने दर चौथ्या दिवशी गोमूत्र-पाणी सुरू केले. वेल मांडव सोडून कुंपणावर गेला, पाने तळहातापेक्षा मोठी झाली आणि त्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा (रस शोषणारी कीड) बसला. एक वेल उपटून पाहिला, तर मुळांवर गाठी नावालाच. शेंगवर्गीय पीक मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र (नायट्रोजन) स्वतः घेते. वरून गोमूत्रातला फुकटचा नत्र मिळाला की गाठी करायच्या कशाला? शिवाय आपला गावरान वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. भाच्याला ओतणे बंद करायला लावले. कोजागिरीनंतर तुरे आले, पण तोवर अर्धा वेल माव्याने खाल्ला होता. "मामा, आधी का नाही सांगितलं?" म्हणे. सांगितले होते.

मी 200 लिटर जीवामृत (10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2-2 किलो गूळ आणि बेसन, मूठभर बांधावरची माती) एकराला पंधरा-वीस दिवसांनी देतो, तेही ओल्या जमिनीत. वालाला पोळ्यानंतर हात आखडता. घेवड्याच्या मुळांवर गाठी कमी धरतात, त्याला थोडे सढळ दिले तर चालते.

श्रावणात पाने पिवळी पडली की लोक आणखी खत ओततात. अहो, आपल्या काळ्या जमिनीत पाणी तुंबलेय, मुळं गुदमरलीत! आधी चर काढा.

एप्रिलच्या उन्हात बरबटीवर दुपारी बारा वाजता फवारणी करणाऱ्यांना मी उत्तर देणे सोडले आहे. 15 लिटरच्या पंपाला पाऊण लिटर गोमूत्र, सूर्य कलल्यावर, एवढेच. द्रावण जुन्या लुगड्याच्या दुहेरी कापडातून गाळा, नाहीतर सगळी संध्याकाळ नोझल साफ करण्यात जाते.

जीवामृताला नळाचे पाणी वापरत असाल तर रात्रभर उघडे ठेवा, क्लोरीन त्यातल्या जीवाणूंना मारते. तांब्याचे बुरशीनाशक त्याच पंपात मिसळू नका.

बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जीवाणू) न लावता पुढे महागड्या बाटल्या घेणारेही बरेच. 250 ग्रॅमचे पाकीट 10 किलो बियाण्याला पुरते. लावा, सावलीत सुकवा, लगेच पेरा.

आणि जीवामृत घट्ट बुचाच्या कॅनमध्ये भरू नका, आत वायू होतो. आमच्या शेजाऱ्यांचे बूच रात्री दोन वाजता उडाले. वहिनी सकाळपर्यंत पडवीची भिंत धूत होत्या.